छोटा शिग्री हिमनदीच्या बर्फातील खनिज धूळ : प्रकल्प नोंदी

लाहौल-स्पीती जिल्ह्यात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात छोटा शिग्री ही सुमारे नऊ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. तिच्यावर दरवर्षी किती हिम साचते आणि किती वितळते याचा ताळेबंद 2002 पासून सलग ठेवला जात आहे. त्यामुळे धुळीचा अभ्यास सुरू करणाऱ्याला येथे निदान हिमाचा हिशेब तयार मिळतो. आमचा प्रश्न मर्यादित होता. हिमनदीच्या वरच्या भागात साचलेल्या खनिज धुळीपैकी शेजारच्या कड्यांवरून आलेली किती आणि थरचे वाळवंट, अरबस्तान किंवा मध्य आशियातून वाऱ्याने आलेली किती, एवढेच आम्हाला पाहायचे होते. आमची प्रयोगशाळा पुण्यात आहे आणि ती बर्फाच्या कामासाठी बांधलेली नाही. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे तशी शीतप्रयोगशाळा ज्यांच्या हाताशी नाही, अशा गटांनी हे काम करताना कोठे वेळ व पैसा जातो हे आधीच समजून घ्यावे, यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत.

12 सप्टेंबर 2023, छोटा शिग्री, सुमारे 5,200 मीटर

जागा ठरवण्यातच सकाळ संपली. वरच्या भागात दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचे कडे आहेत. ऊन चढू लागले की त्यांच्या भेगांतले पाणी सुटते आणि दगडांबरोबर बारीक चुराही खाली येतो. नकाशावर सोयीची वाटलेली जागा अशाच एका कड्याच्या पायथ्याशी निघाली, म्हणून ती सोडून हिमनदीच्या मध्यरेषेजवळ, वाऱ्याच्या बाजूला खडक नसलेल्या उंचवट्यावर खोदाई केली. चढ वाढला आणि सामान पुन्हा वाहावे लागले, तरी ही अदलाबदल टाळता येण्यासारखी नव्हती.

हाताने फिरवायच्या ड्रिलने सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाचा गाभा काढला. वरचा भाग फर्नचा आहे, म्हणजे एक-दोन उन्हाळे पचवून दाणेदार झालेल्या, पण अजून पक्का बर्फ न बनलेल्या हिमाचा. खाली बर्फाचे कठीण पापुद्रे लागत गेले. वरून वितळलेले पाणी झिरपून खाली गोठल्याची ती खूण आहे. एका तुकड्यात बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा तपकिरी पट्टा स्पष्ट दिसला. भिंगातून पाहिल्यावर त्यात अभ्रकाचे चपटे पापुद्रे उन्हात चमकत होते आणि त्यांच्यामधली जागा इतक्या बारीक पिवळसर गाळाने भरलेली होती, की त्यातला एकेक कण भिंगालाही वेगळा दिसत नव्हता. आमचा सगळा प्रश्न त्या एका पट्ट्यात समोर होता : अभ्रक बहुधा जवळचे, गाळ कदाचित दूरचा.

अशा पट्ट्याला एखाद्या वादळाचा थर म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. उन्हाळ्यात पृष्ठभाग वितळतो, पाणी निघून जाते आणि धूळ मागे राहून दाटत जाते. त्यामुळे हा पट्टा वर्षभरात पडलेल्या धुळीची शिल्लक असतो.

गाभ्याचा प्रत्येक तुकडा आधी धुऊन वाळवलेल्या पॉलिथिनच्या नळकांड्यात बंद केला. पुण्याहून गोठवून नेलेले अतिशुद्ध पाण्याचे बर्फ ड्रिलच्या नळीतून फिरवून त्याच पद्धतीने बांधले. हा आमचा कोरा नमुना, म्हणजे आमच्या हाताळणीतूनच किती धूळ मिसळते हे दाखवणारा. तो घेतला नसता तर पुढच्या बहुतेक नोंदी लिहिताच आल्या नसत्या.

19 सप्टेंबर 2023, मनाली ते चंदीगड

जुलैमधील पुराने ब्यास नदीकाठचा रस्ता जागोजागी तुटला होता आणि दुरुस्त केलेल्या भागांत वाहतूक एकेरी चालू होती. थर्माकोलच्या पेट्यांत क्षार मिसळलेल्या गोठलेल्या जेलच्या पिशव्या भरल्या होत्या, त्या नेहमीच्या प्रवासाला पुरल्या असत्या. रांगेत थांबलेल्या गाडीत त्या पुरल्या नाहीत. पेटीतील तापमान-नोंदणी यंत्राने शून्याजवळपर्यंतची वाढ दाखवली आणि एका पेटीतील तुकड्यांच्या कडा गोलसर झालेल्या आढळल्या.

येथे नेमके काय बिघडते ते सांगितले पाहिजे. धूळ नाहीशी होत नाही, त्यामुळे तुकडा वाया गेला असे वाटत नाही. पण अर्धवट वितळून पुन्हा गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना बाजूला सारतात आणि ते कण स्फटिकांच्या सीमांवर एकमेकांना चिकटतात. दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अनेक कण मग पंधरा मायक्रॉनचा एक कण म्हणून मोजले जातात. दूरवरून येणारी धूळ प्रामुख्याने एक ते पाच मायक्रॉनची असते आणि कड्यांवरची त्याहून जाड, हाच आमचा पहिला निकष आहे. म्हणजे गरम झालेल्या पेटीतील थर वाळवंटाची धूळ आमच्या तक्त्यात लाहौलची धूळ ठरली असती. त्या पेटीतील तुकड्यांवर लाल खूण करून ते आकारमापनातून वगळले आणि फक्त खनिज ओळखण्यासाठी ठेवले.

चंदीगडपासून पुढे गोठवलेले अन्न वाहणारे शीतवाहन मिळाले. संपूर्ण प्रकल्पात एका बाबीवर झालेला सर्वांत मोठा खर्च हाच होता. पुढच्या वेळी मनालीपर्यंत कोरडा बर्फ आधी पोहोचवून ठेवायचा, असे ठरवले आहे. तो उणे 78.5 अंशांवर असतो आणि रस्ता अडला तरी सवड देतो. मात्र त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवणे आणि पेट्या माणसांपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

9 ऑक्टोबर 2023, पुणे

आपोआप बर्फ वितळवणारे, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री प्रकारचे फ्रीजर या कामाला चालत नाहीत. त्यांचे तापमान ठरावीक वेळाने वर जाते आणि फर्नच्या मोकळ्या कडा झिजत जातात. आम्ही वरून झाकण उघडणारा साधा आडवा डीप फ्रीजर घेतला आणि राखीव तुकडे शहराबाहेरच्या एका शीतगृहात उणे 20 अंशांवर ठेवले. शीतगृहातील आमची पहिली जागा दाराजवळ होती. तेथील कामगारांनीच सांगितले, ‘‘सर, इथे दिवसभर दार उघडतं, तुमचा माल मागच्या भिंतीला लावा.’’ नोंदणी यंत्राने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. तेथे रोज काम करणाऱ्या माणसांना आधी विचारणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

21 नोव्हेंबर 2023

तुकडे कापण्याचे काम सुरू झाले. पट्टीकरवतीने बाहेरचा थर काढायचा, मग सिरॅमिक सुरीने सर्व बाजू खरवडायच्या, शेवटी अतिशुद्ध पाण्याने पृष्ठभाग झटपट धुवायचा आणि उरलेला आतला भाग झाकणबंद भांड्यात वितळवायचा, असा क्रम आहे. लोखंडी सुरी वापरू नये, कारण तिचे कण नमुन्यात येतात आणि लोहयुक्त खनिजांची मोजणी बिघडते.

कोऱ्या नमुन्याची पहिली मोजणी आली आणि काम थांबवावे लागले. त्यातील कणांची संख्या हिमनदीच्या स्वच्छ थरांतील संख्येच्या जवळपास निम्मी होती. ज्या बर्फात धूळ नसायला हवी त्यात एवढी असेल, तर खऱ्या नमुन्यातल्या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही.

4 डिसेंबर 2023

कोऱ्या नमुन्याचे पाणी 0.4 मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून गाळून तो फिल्टर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सूक्ष्मदर्शकाचे भाडे तासावर असल्यामुळे हा तपास महाग पडला, पण उत्तर स्वच्छ मिळाले.

पहिला गट लोह व टायटॅनियम एकत्र असलेल्या कणांचा होता, त्यांच्या जोडीला कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त पायरोक्सीन हे खनिज आणि स्मेक्टाइट ही चिकणमाती. हे सरळसरळ दख्खनच्या बेसाल्टचे आणि त्यापासून बनलेल्या काळ्या मातीचे मिश्रण आहे. क्वार्ट्झ जवळजवळ नव्हते. ग्रॅनाइट आणि नाइसच्या प्रदेशातून आलेल्या धुळीत क्वार्ट्झ नसणे शक्य नाही. म्हणजे ही धूळ खिडकीबाहेरची होती. दुसरा गट निव्वळ कॅल्शियमच्या कणांचा होता, त्यांतील काहींत गंधक, म्हणजे सिमेंट आणि जिप्सम. शेजारच्या भूखंडावर इमारत उभी राहत आहे. तिसरा गट मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यांचा होता. हे टाल्क आहे आणि ते हातमोज्यांच्या आतल्या पावडरीतून आले आहे.

या तीन गटांपैकी दुसरा सर्वांत धोक्याचा. बेसाल्टची धूळ ओळखू येते आणि टाल्कही लपत नाही. पण कॅल्शियमयुक्त कण शुष्क प्रदेशातील धुळीची खूण मानले जातात आणि बांधकामाच्या धुळीतील काही कण हुबेहूब त्या खुणेसारखे दिसतात. शेजारची इमारत आमच्या अहवालात वाळवंट म्हणून आली असती.

16 डिसेंबर 2023

केलेले बदल पुढीलप्रमाणे आहेत. हातमोजे पावडरविरहित नायट्राइलचे घेतले. सुती कपड्यांवर तंतू न सोडणारे अंगरखे घातले. कापण्याच्या जागेभोवती जाड पॉलिथिनचा तंबू उभारला आणि अतिसूक्ष्म धूळ अडवणारा हेपा फिल्टर लावलेल्या पंख्याने त्यात हवा आत ढकलत ठेवली, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाते, आत येत नाही. हा तंबू तयार स्वच्छ कक्षाच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशात झाला. त्याचा सांगाडा प्लंबिंगच्या पीव्हीसी नळ्यांचा आहे.

कापण्याचे काम रात्री हलवले, कारण तेव्हा बांधकाम बंद असते आणि रस्त्यावरची धूळ खाली बसलेली असते. भांडी वापरण्यापूर्वी अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळून, शेवटचे विसळलेले पाणी मोजून मगच ती स्वीकारायची, असा नियम केला. पाण्याची विद्युतरोधकता 18.2 मेगओहम-सेंटिमीटर दाखवत असली तरी त्यावर विसंबू नये. तो आकडा विरघळलेल्या आयनांबद्दल सांगतो, तरंगणाऱ्या कणांबद्दल सांगत नाही.

या बदलांनंतर कोऱ्या नमुन्यातील कण पूर्वीच्या लहानशा अंशावर आले. डिसेंबर पूर्ण यातच गेला.

11 जानेवारी 2024

कण मोजण्यासाठी कोल्टर पद्धतीचे यंत्र वापरतो. त्यात सूक्ष्म छिद्रातून विद्युतवाहक द्रव ओढला जातो आणि प्रत्येक कण जाताना विद्युतरोध क्षणभर वाढतो, त्यावरून कणाचे आकारमान कळते. आमच्या नळीचे छिद्र 50 मायक्रॉनचे आहे, म्हणजे 1 ते 30 मायक्रॉनचे कण मोजता येतात. बर्फाचे पाणी जवळजवळ शुद्ध असल्याने त्यातून वीज वाहत नाही, म्हणून त्यात 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले मिठाचे द्रावण घालावे लागते.

मीठ घातल्यावर चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटू लागतात. द्रावण घालून भांडे बाजूला ठेवले आणि जेवून आल्यावर मोजले, तर आकारांचा आलेख जाड बाजूला सरकलेला दिसतो. म्हणून आधी काही मिनिटे श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) कंपनपात्रात ठेवायचे, मग मीठ घालायचे आणि लगेच मोजायचे, असा क्रम ठरवला.

दुसरी अडचण उलट दिशेची आहे आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. 20 मायक्रॉनचा क्वार्ट्झकण पाच सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी साधारण सव्वादोन मिनिटांत बसतो, 10 मायक्रॉनचा नऊ-दहा मिनिटांत आणि 2 मायक्रॉनचा काही तासांत. भांडे स्थिर ठेवून सावकाश मोजणी केली, तर जाड कण यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत आणि नमुना हुबेहूब दूरवरच्या धुळीसारखा दिसतो. सुरुवातीच्या मोजण्यांत हेच झाले होते. आलेख देखणे होते, दोन-तीन मायक्रॉनवर नीट टेकडी होती आणि आम्हाला हवे होते तसेच उत्तर होते. फिल्टरवर मात्र जाड अभ्रक उघड्या डोळ्यांना चमकताना दिसत होते. दोन पद्धतींतील ही विसंगती दिसली नसती, तर तोच आलेख अंतिम म्हणून गेला असता.

22 जानेवारी 2024

ढवळत राहणे हा उपाय आहे, पण जोरात ढवळले की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि यंत्र बुडबुड्याला कणच समजते. वितळलेल्या बर्फातही हवा अडकलेली असते, त्यामुळे हा त्रास आमच्या नमुन्यांत अधिक. पाणी मोजणीआधी खोलीच्या तापमानाला येऊ दिले, हवा काढून घेतली आणि ढवळणाऱ्या पंख्याचा वेग इतका कमी ठेवला की द्रवाच्या पृष्ठभागावर खळगा पडत नाही. कोऱ्या नमुन्यावर वेगवेगळे वेग लावून पाहिले आणि ज्या वेगाच्या पुढे त्यातील संख्या वाढू लागते तो वेग कमाल मर्यादा म्हणून यंत्रावर लिहून ठेवला. पूर्वीच्या सर्व मोजण्या रद्द करून राखीव पाण्यावर नव्याने केल्या. ज्यांचे पाणी उरले नव्हते त्या थरांची जागा तक्त्यात रिकामी ठेवली आहे.

उरलेले पाणी पुन्हा गोठवून ठेवण्याची पद्धत आम्ही बंद केली. मनालीच्या रस्त्यावर जे एका पेटीत झाले, तेच फ्रीजरमध्ये प्रत्येक बाटलीत होते. जेवढे मोजायचे तेवढेच वितळवावे.

15 फेब्रुवारी 2024

वितळल्यानंतर किती वेळात गाळावे, हे पाहण्यासाठी एकाच थराचे पाणी काही तासांच्या अंतराने फिल्टर केले. उशिरा गाळलेल्या फिल्टरवर कॅल्साइटचे कण कमी आणि कडा झिजलेले आढळले. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हे पाणी किंचित आम्ल होते आणि कॅल्साइट विरघळू लागते; जिप्सम तर साध्या पाण्यातही विरघळते. म्हणजे रात्री वितळवून सकाळी गाळण्याची सोयीची दिनचर्या शुष्क प्रदेशातील धुळीची खूणच पुसून टाकते. आता वितळण्याच्या शेवटच्या टप्प्यावर कोणीतरी समोर बसून राहते आणि बर्फ संपताच गाळणे सुरू होते.

12 मार्च 2024

सूक्ष्मदर्शकाखाली थरांची छाननी चालू आहे. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, इलाइट, क्लोराइट, अभ्रक, थोडे कॅल्साइट असा मेळ आहे. दोन फिल्टरांवर पॅलिगोर्स्काइटच्या बारीक तंतूंच्या जुड्या मिळाल्या. एक जुडी मोडलेल्या कुंच्यासारखी टोकाला विस्कटलेली होती. हे खनिज शुष्क प्रदेशांतील चुनखडीयुक्त मातीत तयार होते आणि ग्रॅनाइटच्या कड्यावरून पडत नाही. दूरवरच्या धुळीचा आमच्याकडचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, परंतु तंतूंची संख्या फार थोडी असल्याने त्यावरून टक्केवारी काढणार नाही.

कॅल्साइटच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. छोटा शिग्रीभोवती ग्रॅनाइट आणि नाइस असले, तरी पूर्वेकडे स्पीतीत टेथिस या प्राचीन समुद्रातील चुनखडकांचे जाड थर उघडे आहेत. वारा त्या दिशेने आला तर कॅल्साइट शंभराहून कमी किलोमीटरांवरूनही येऊ शकते. त्यामुळे एकटे कॅल्साइट थर वाळवंटाचा किंवा अरबस्तानचा पुरावा म्हणून आम्ही धरत नाही.

29 मार्च 2024

स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम यांच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, धुळीचा उगम शोधण्याची पद्धत प्रस्थापित आहे. ग्रीनलँडच्या बर्फातील शेवटच्या हिमयुगाची धूळ पूर्व आशियातील वाळवंटांतून आल्याचे त्याच मार्गाने दाखवले गेले. आमच्या बाबतीत तिचा आधार मर्यादित राहील असे वाटते, कारण थर वाळवंटाच्या वाळूचा मोठा भाग सिंधू नदीने आणलेल्या गाळाचा आहे आणि सिंधूचा गाळ हिमालय-काराकोरममधून येतो. चंद्रा नदीचे पाणीही चिनाबमधून शेवटी सिंधूलाच मिळते. ज्या दोन उगमांत फरक करायचा आहे त्यांतील एक दुसऱ्याच्याच चुऱ्यापासून बनलेला असेल, तर समस्थानिकांची मूल्ये एकमेकांवर सरकलेली असणे स्वाभाविक आहे. ही चाचणी महाग असल्यामुळे ती फक्त तपकिरी पट्ट्यांवर करायची आणि बारीक व जाड भाग वेगळे करून करायची, असे ठरले.

16 एप्रिल 2024

या बर्फातून जुने दुष्काळ वाचता येतील का, असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून वारंवार येतो, म्हणून उत्तर येथे लिहून ठेवतो. तिबेटमधील दासुओपू हिमनदीवर सुमारे 7,200 मीटर उंचीवर 1997 मध्ये अमेरिकी हिमनदी-अभ्यासक लॉनी थॉम्प्सन यांच्या गटाने गाभे काढले. त्यांत 1790 ते 1796 या वर्षांच्या थरांमध्ये धूळ आणि क्लोराइड ठळकपणे वाढलेले आढळले आणि ती वाढ मोसमी पाऊस हुकल्याच्या काळाशी जुळते. दख्खनमध्ये ज्याला दोजी बारा किंवा कवटीचा दुष्काळ म्हटले गेले, तो याच वर्षांतला. आपल्याकडच्या कोरड्या शिवारांचा काळ हिमालयापलीकडच्या बर्फात नोंदला गेला आहे, हे कळल्यावर या कामाकडे तटस्थपणे पाहणे मला शक्य झाले नाही.

परंतु दासुओपूच्या त्या उंचीवर बर्फ उन्हाळ्यातही जवळजवळ वितळत नाही, म्हणून तेथे वर्षे एकमेकांपासून वेगळी राहतात. छोटा शिग्रीवर 5,200 मीटरवर दर उन्हाळ्यात पाणी झिरपते, विरघळणारे क्षार वाहून जातात आणि धूळ एका पातळीवर साचते. विरघळणाऱ्या आयनांपेक्षा न विरघळणारे खनिज कण येथे अधिक विश्वासू आहेत, पण तेही वर्षापेक्षा बारीक काळ सांगत नाहीत. एखाद्या तपकिरी पट्ट्याला 2018 च्या मे-जूनमधील राजस्थान-दिल्लीच्या धुळीच्या वादळांचे नाव देण्याइतकी अचूकता या गाभ्यात नाही आणि आम्ही तसे करणार नाही.

18 जून 2024

पाऊस सुरू झाल्यावर कोरे नमुने पुन्हा केले. बाहेरची धूळ बसल्याने त्यांतील कण संपूर्ण प्रकल्पातील नीचांकावर आले आणि बेसाल्टचे कण फिल्टरवर शोधूनही क्वचित सापडले. त्यामुळे सर्वांत स्वच्छ, म्हणजे सर्वांत कमी धुळीचे थर आता पावसाळ्यातच कापणार आहोत. ते आधीच उन्हाळ्यात कापले असते तर कोऱ्या नमुन्याची वजाबाकीच त्यांच्यापेक्षा मोठी झाली असती. पुण्यात किंवा दख्खनच्या पठारावर अन्यत्र हे काम करणाऱ्यांनी मोहिमेनंतरचे वेळापत्रक याच हिशेबाने लावावे : तपकिरी पट्टे हिवाळ्यात, स्वच्छ थर जून ते सप्टेंबर.

तक्त्यात सध्या तीन रकाने जोडले आहेत. प्रत्येक थरासमोर वितळल्यापासून गाळेपर्यंतचा वेळ, मोजणीच्या वेळचा ढवळण्याचा वेग आणि त्याच रात्रीच्या कोऱ्या नमुन्यातील कणसंख्या लिहिलेली असते. या तिन्हींपैकी एक जरी नोंद नसली, तरी तो थर उगमाच्या चर्चेत घेतला जात नाही. शीतगृहातील मागच्या भिंतीजवळचे तुकडे येत्या आठवड्यापासून तंबूत आणले जातील, सुरुवात सर्वांत खालच्या तुकड्यापासून.